न मिटलेले खाते : बुलढाण्याच्या दोन जवानांचे पुण्यस्मरण

बुलढाणा जिल्ह्यातील माणूस आपले गाव सांगताना बहुधा आणखी एक गोष्ट सांगतो : गाव घाटावरचे की घाटाखालचे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन आहे, कापसाच्या बाजारपेठा आहेत आणि मुंबई-हावडा लोहमार्गावर वसलेली मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गजबजलेली गावे आहेत. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके येतात. तिकडची शेती बव्हंशी पावसाच्या भरवशावर चालते. मलकापूरहून निघालेली गाडी राजूर घाट चढून बुलढाण्यात येते, तेव्हा हवा बदलते, पीक बदलते आणि बोलण्याचा सूरही किंचित बदलतो.

१६ फेब्रुवारी २०१९ या दिवशी घाटावर आणि घाटाखाली एकच शोक होता. घाटाखाली मलकापूर येथे संजय राजपूत यांना आणि घाटावर लोणार तालुक्यातील चोरपांग्रा येथे नितीन राठोड यांना त्या दिवशी शासकीय इतमामात अखेरचा निरोप देण्यात आला. दोघेही केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान होते. दोन दिवसांपूर्वी काश्मीरमधील पुलवामा जिल्ह्यात झालेल्या आत्मघातकी हल्ल्यात देशातील चाळीस जवानांना वीरमरण आले. त्या चाळिसांत महाराष्ट्राचे दोघे होते आणि ते दोघेही बुलढाणा जिल्ह्याचे होते.

त्यानंतर अनेक फेब्रुवारी महिने आले आणि गेले. पुलवामा हे नाव आजही सर्वांच्या ओठांवर आहे. परंतु चोरपांग्रा हे नाव किती जणांच्या स्मरणात आहे? ज्या बाजारपेठांतून आपले समाजबांधव पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करीत आले, त्याच बाजारपेठांच्या परिसरातील ही दोन घरे आहेत. म्हणूनच या दोन जवानांची ओळख, त्यांच्या कुटुंबांवर आलेला प्रसंग आणि त्या प्रसंगाने आपल्यावर ठेवलेले देणे यांचा विचार शांतपणे करणे उचित ठरेल.

महामार्गावरील ती दुपार

फेब्रुवारी २०१९ च्या आरंभी बर्फवृष्टीमुळे जम्मू-श्रीनगर महामार्ग काही दिवस बंद होता. सुट्टी संपवून कर्तव्यावर परतणारे जवान जम्मूमध्ये अडकून पडले होते. रस्ता खुला होताच १४ फेब्रुवारीच्या पहाटे ७८ वाहनांचा ताफा श्रीनगरच्या दिशेने निघाला. त्यात अडीच हजारांहून अधिक जवान होते. सूर्यास्तापूर्वी श्रीनगर गाठायचे होते. दुपारी सव्वातीनच्या सुमारास अवंतीपोऱ्याजवळील लेथपोरा येथे स्फोटकांनी भरलेली एक मोटार ताफ्यातील बसवर येऊन आदळली. क्षणार्धात चाळीस घरांचे आधार नाहीसे झाले. ही घरे देशाच्या सोळा राज्यांत विखुरलेली होती.

हे युद्ध जाहीर झालेले नव्हते. कोठेही रणदुंदुभी वाजली नव्हती, समोर शत्रूची फळी नव्हती. बसमध्ये बसलेल्या जवानाला प्रतिकाराची संधीही मिळाली नाही. रणांगणावर उतरलेल्या सैनिकाला मृत्यूची निदान चाहूल असते. येथे तीही नव्हती. सुट्टीत घरी घालवलेले दिवस, मुलांना दिलेली आश्वासने आणि गावाकडच्या शेतीची चिंता एवढेच मनात घेऊन ही माणसे कामावर निघाली होती. बारा दिवसांनी, २६ फेब्रुवारी रोजी, भारतीय वायुदलाने बालाकोट येथे कारवाई केली आणि दोन्ही देश काही काळ युद्धाच्या उंबरठ्यावर उभे राहिले. जगाचे लक्ष तिकडे वळले, तेव्हा मलकापूर आणि चोरपांग्रा येथील घरांत दुःखाचे पहिले दिवस चालले होते.

थांबता आले असते, तरी

संजय राजपूत हे मलकापूरचे. केंद्रीय सेवेत वीस वर्षे पूर्ण करणाऱ्याला निवृत्तिवेतनासह घरी परतण्याची मुभा असते. दुर्गम भागांत उमेदीची वर्षे घालवल्यानंतर अनेक जवान हा मार्ग स्वीकारतात. गावात लहानसे घर बांधावे, मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष द्यावे, जमल्यास एखादा जोडव्यवसाय करावा, ही त्यांची साधी स्वप्ने असतात. संजय राजपूत यांचीही वीस वर्षांची सेवा पूर्ण झाली होती. त्यांनी मात्र आणखी पाच वर्षे सेवेत राहण्याचा निर्णय घेतला. त्या वाढीव काळातच त्यांची काश्मीरमध्ये नेमणूक झाली आणि काही दिवसांपूर्वीच घरच्यांचा निरोप घेऊन ते निघाले होते. त्यांच्या पश्चात पत्नी आणि शाळेत शिकणारे दोन मुलगे राहिले.

व्यापारी माणसाला या निर्णयाचे मोल चटकन समजेल. हिशेब पूर्ण झाला आहे, येणे वसूल झाले आहे, आता दुकान बंद करून घरी जावे, असा तो टप्पा होता. तेथे उभा राहूनही हा माणूस पुन्हा कामाला लागला. यात कुटुंबाच्या गरजेचा विचार असणार आणि कर्तव्याची ओढही असणार. सामान्य गृहस्थाच्या जीवनात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी वयाची साठी उलटली तरी पेढीवर जाऊन बसतात, त्यामागेही हेच दोन धागे एकत्र गुंफलेले असतात. फरक इतकाच, की पेढीवरून ती संध्याकाळी घरी परततात.

चोरपांग्र्याचे घर

नितीन राठोड यांचे चोरपांग्रा हे गाव लोणार तालुक्यात आहे. उल्कापाताने निर्माण झालेल्या सरोवरामुळे लोणारचे नाव जगाला ठाऊक आहे, परंतु तालुक्याचे रोजचे जीवन सोयाबीन, कापूस आणि तूर यांच्या भावावर आणि त्याहीपेक्षा पावसावर अवलंबून असते. नितीन हे शेतकरी कुटुंबातील. गावात आई-वडील, पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी असा त्यांचा परिवार होता.

अशा घरातील एक मुलगा दलात भरती होतो, तेव्हा त्या कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेत काय घडते हे ग्रामीण भागात दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. तोपर्यंत ते घर हंगामावर जगत असते. बियाणे आणि खत उधारीवर येते, किराणा उधारीवर येतो, लग्नकार्याचे कापड उधारीवर येते आणि सुगी झाली की वही मिटते. पीक बुडाले तर वही पुढच्या वर्षावर जाते. मुलाचा पगार सुरू झाला की घरात महिन्याच्या महिन्याला येणारी निश्चित रक्कम दिसू लागते. बहिणीचे लग्न ठरते, छपराच्या जागी स्लॅब पडतो, मुले इंग्रजी शाळेत जाऊ लागतात, आई-वडिलांचे औषधपाणी नियमित होते. एका पगारावर तीन पिढ्या सावरतात. म्हणून असा जवान जातो तेव्हा घराचे दुःख एकपदरी नसते. पुत्र जातो, पती जातो, पिता जातो आणि त्याच वेळी घराला स्थैर्य देणारा खांबही कोसळतो.

याच जिल्ह्यावर अशी वेळ पुन्हाही आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनच्या हिमक्षेत्रात कर्तव्यावर असताना अग्निवीर अक्षय गवते यांचे निधन झाले. ते सैलानीजवळच्या पिंपळगाव सराईचे. कर्तव्यावर असताना प्राण गमावलेले ते देशातील पहिले अग्निवीर ठरले. जिजाऊंच्या सिंदखेडराजाचा हा जिल्हा वीरांची परंपरा अभिमानाने सांगतो. ती परंपरा आजही लहान शेतकऱ्यांच्या आणि कष्टकऱ्यांच्या घरांतून पुढे चालली आहे.

श्रावकाची अहिंसा आणि सैनिकाचे कर्तव्य

आपल्या समाजात या विषयाला आणखी एक पदर आहे. अहिंसा हा आपला परम धर्म. मुंगीलाही इजा होऊ नये म्हणून खाली पाहून चालण्याचे संस्कार आपण मुलांवर करतो. मग शस्त्र धारण करणाऱ्याचे स्मरण आपण कोणत्या भूमिकेवरून करावे, असा प्रश्न तरुण पिढी विचारते. प्रश्न प्रामाणिक आहे आणि आपल्या आचार्यांनी तो टाळलेला नाही.

जैन आचारशास्त्राने हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. जाणूनबुजून, मारण्याच्या इच्छेने केलेली ती संकल्पी हिंसा. स्वयंपाकपाणी आणि घरकामात घडते ती आरंभी. शेती-व्यवसायात घडते ती उद्योगी. स्वतःचे, आश्रितांचे किंवा देशाचे रक्षण करताना नाइलाजाने घडते ती विरोधी. महाव्रती साधूला चारही वर्ज्य आहेत. अणुव्रती श्रावकाने संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करावा आणि उरलेल्या तिन्हींत शक्य तितका संयम ठेवावा, अशी व्यवस्था आहे. आपण दुकान उघडतो, धान्य साठवतो, गिरणी चालवतो, त्या प्रत्येक ठिकाणी शास्त्राने दिलेल्या या सवलतीचाच आधार घेतो. मग आपल्या वतीने सीमेवर आणि अशांत प्रदेशात पहारा देणाऱ्याच्या हातातील शस्त्राकडे परकेपणाने पाहण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

भगवतीसूत्रात वैशालीच्या वरुण नावाच्या श्रावकाची कथा येते. राजा चेटक आणि कूणिक यांच्यातील घनघोर संग्रामात राजाज्ञेने त्याला जावे लागले. तो व्रतस्थ होता, उपवास करीत होता. युद्धावर निघताना त्याने नियम घेतला, की जो आपल्यावर प्रथम प्रहार करील त्याच्यावरच उलट प्रहार करायचा, इतर कोणावर नाही. रणात समोर आलेल्या योद्ध्याने त्याला आव्हान दिले, तेव्हाही वरुणाने आधी बाण सोडला नाही. शत्रूचा बाण वर्मी लागल्यावरच त्याने प्रत्युत्तर दिले. नंतर आपला रथ रणांगणाबाहेर नेऊन तो दर्भासनावर पूर्वाभिमुख बसला, भगवान महावीरांना वंदन केले, व्रते घेतली, शरीरातील बाण उपटला आणि समाधिमरण स्वीकारले.

या कथेचा संदर्भ विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. युद्धात मरणारा सरळ स्वर्गाला जातो, असा समज त्या काळी लोकांत होता. गौतमस्वामींनी त्याविषयी विचारले असता भगवंतांनी तो समज नाकारला आणि वरुणाचे उदाहरण दिले. वरुणाला सद्गती मिळाली ती त्याच्या संयमामुळे आणि समभावामुळे. रणात मरण आले म्हणून ती मिळाली नाही. आपली परंपरा युद्धाचा गौरव करीत नाही, हे यातून स्पष्ट होते. कर्तव्याच्या ओझ्याखालीही मन निर्वैर ठेवणाऱ्याचा ती गौरव करते.

इतिहासातही असे दाखले आहेत. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराची भव्य मूर्ती उभारणारा चामुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती होता. गुजरातचे वस्तुपाल आणि तेजपाल हे मंत्रिबंधू राज्यरक्षणासाठी रणात उतरले आणि त्यांनीच अबूवरील लूणवसही मंदिर उभारले. आपल्यासारख्या पेढीवाल्यांना सर्वांत जवळचे वाटावेत ते ग्वाल्हेरचे अमरचंद बांठिया. शिंद्यांच्या खजिन्याचे ते कोषाध्यक्ष होते. १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्या फौजा ग्वाल्हेरला आल्या, तेव्हा सैनिकांचे पगार थकले होते, शिधा संपत आला होता. बांठियांनी खजिना त्यांच्यासाठी खुला केला. त्याची शिक्षा म्हणून इंग्रजांनी त्यांना भर सराफा बाजारात कडुनिंबाच्या झाडाला फाशी दिले. त्यांनी स्वतः तलवार उचलली नव्हती. जो आपल्यासाठी लढतो त्याचे घर उपाशी राहू नये, एवढा व्यापाऱ्याचा धर्म त्यांनी पाळला.

क्रोधाची परीक्षा

पुलवामाच्या घटनेनंतर देशभर संतापाची लाट उसळली. ती स्वाभाविकही होती. परंतु त्या लाटेत काही ठिकाणी निरपराध काश्मिरी विद्यार्थ्यांना आणि फिरत्या विक्रेत्यांना त्रास झाला. आपल्या विदर्भात यवतमाळ येथेही काश्मिरी विद्यार्थ्यांना मारहाण झाल्याची घटना घडली.

याच दिवसांत केंद्रीय राखीव पोलीस दलाने एक गोष्ट केली, ती प्रत्येक जैन घरात मुलांना सांगावी अशी आहे. काश्मीरमधील नागरिकांना अडचणीत मदत मिळावी म्हणून या दलाने २०१७ पासून ‘मददगार’ नावाची दूरध्वनी सेवा चालवली होती. आपले चाळीस सहकारी गमावल्यानंतर दोनच दिवसांनी, १६ फेब्रुवारीला, म्हणजे मलकापूर आणि चोरपांग्रा येथे अंत्यसंस्कार झाले त्याच दिवशी, दलाने राज्याबाहेर राहणाऱ्या काश्मिरी विद्यार्थ्यांना आणि नागरिकांना आवाहन केले, की त्रास झाल्यास १४४११ या क्रमांकावर आम्हाला कळवा, आम्ही मदत करू.

ज्यांना सर्वाधिक संतापण्याचे कारण होते, त्यांनीच निरपराधांच्या रक्षणाची जबाबदारी घेतली. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांत क्रोधाला पहिले स्थान आहे. त्या दलातील किती जणांनी जैन शास्त्र वाचले असेल? परंतु वरुण श्रावकाने रणभूमीवर पाळलेला नियम त्यांच्या या कृतीतून दिसला. ज्याने प्रहार केला त्याचाच प्रतिकार करायचा, इतरांना अभय द्यायचे. या दोन जवानांचे स्मरण करताना मनात द्वेष बाळगणे म्हणजे त्यांच्या दलाने त्या दिवशी दाखवलेल्या संयमाला विसरणे होय.

या दलाला अशा प्रसंगांची ओळख जुनी आहे. १९३९ मध्ये नीमच येथे स्थापन झालेले हे दल स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये आजच्या नावाने ओळखले जाऊ लागले. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात या दलाचे दहा जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन म्हणून देशभर पाळला जातो.

चाळीस अंगणांतील माती

स्मरण कसे करावे याचा एक विलक्षण वस्तुपाठ एका मराठी माणसाने घालून दिला. उमेश गोपीनाथ जाधव हे मूळचे औरंगाबादचे, बंगळुरूत राहणारे संगीतकार. एप्रिल २०१९ मध्ये ते आपली मोटार घेऊन निघाले. पुलवामात वीरमरण आलेल्या चाळीसही जवानांच्या घरी जायचे, कुटुंबीयांना भेटायचे आणि त्यांच्या अंगणातील व अंत्यसंस्काराच्या जागेची माती घ्यायची, हा त्यांचा संकल्प होता. देशाच्या चारही दिशांना सुमारे ६१ हजार किलोमीटर प्रवास करून त्यांनी तो पूर्ण केला. १४ फेब्रुवारी २०२० रोजी लेथपोरा येथील तळावर चाळीस जवानांच्या स्मारकाचे उद्घाटन झाले, तेव्हा मातीने भरलेला तो कलश तेथे सुपूर्द करण्यात आला.

त्या कलशात मलकापूरची माती आहे आणि चोरपांग्र्याची माती आहे. घाटाखालची आणि घाटावरची माती काश्मीरच्या भूमीत एकत्र नांदत आहे.

मृत व्यक्तीच्या नावे दगड उभारण्याची प्रथा आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रातील गावोगावी वेशीजवळ वीरगळ दिसतात. दक्षिणेत सल्लेखना घेतलेल्या साधक-साधिकांच्या स्मरणार्थ निषिधी उभारल्या गेल्या. दगडावर नाव कोरणे सोपे, परंतु चाळीस घरांचे उंबरठे झिजवून प्रत्येक आईच्या समोर जाऊन बसणे कठीण. जाधव यांच्या प्रवासाचे मोल अंतरात मोजता येणार नाही. सांत्वनासाठी येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यानंतर कोणीतरी दूरवरून केवळ भेटण्यासाठी आला, हे त्या घरांना मिळालेले खरे धन होते.

बंद उघडल्यानंतर

पुलवामाच्या निषेधार्थ व्यापारी महासंघाने १८ फेब्रुवारी २०१९ रोजी देशव्यापी व्यापार बंदची हाक दिली होती. व्यापाऱ्यांनी एका दिवसाची कमाई बाजूला ठेवून शोकात सहभाग घेतला, ही भावना मोलाचीच. परंतु दुसऱ्या दिवशी शटर वर जाते. दुकानात गिऱ्हाईक येते, भाव विचारला जातो, जीवन पूर्ववत होते. त्या घराचे जीवन मात्र पूर्ववत होत नाही.

शासनाने आणि संस्थांनी आपल्या परीने हात दिला. महाराष्ट्र शासनाने या दोन्ही कुटुंबांना प्रत्येकी ५० लाख रुपयांची मदत जाहीर केली. चाळिसांपैकी २३ जवानांनी भारतीय स्टेट बँकेकडून कर्जे घेतली होती, ती बँकेने माफ केली. गृह मंत्रालयाच्या ‘भारत के वीर’ या उपक्रमात नागरिकांना वीरमरण आलेल्या जवानाच्या वारसाच्या खात्यात थेट रक्कम जमा करता येते आणि एका कुटुंबासाठी त्याची मर्यादा १५ लाख रुपये ठेवलेली आहे. ती गाठली की पुढील देणग्या सर्वांच्या सामायिक निधीकडे वळवता येतात. दान करण्याची इच्छा असणाऱ्यांनी हा मार्ग माहीत करून घ्यावा. त्यात मध्यस्थ नाही.

तरीही पैशाने सुटणारे प्रश्न थोडेच असतात. एकदम आलेली मोठी रक्कम हीच घरात नव्या अडचणी उभ्या करू शकते. नातेसंबंध ताणले जातात, उसनवारी मागणारे येतात, चुकीच्या जागी गुंतवणूक होते. कालपर्यंत व्यवहाराची सवय नसलेल्या वीरपत्नीला मुदत ठेव, विमा, वारसनोंद, सातबाऱ्यावरील फेरफार अशा गोष्टींना एकटीने सामोरे जावे लागते. येथे व्यापारी समाजाजवळ एक असे धन आहे, जे द्यायला तिजोरी उघडावी लागत नाही. ते म्हणजे व्यवहारज्ञान. गावातील एखादा सचोटीचा व्यापारी, सनदी लेखापाल किंवा वकील अशा घरी महिन्यातून एकदा जाऊन कागदपत्रे समजावून देऊ शकतो. कोणता कागद कोठे ठेवावा, कोणत्या कागदावर सही करू नये, हे सांगू शकतो. घरातील स्त्रियांनीही सोबत जावे. वीरपत्नीशी मोकळेपणाने बोलू शकतील त्या स्त्रियाच.

मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न तर याहून दीर्घ पल्ल्याचा आहे. या दोन घरांतील चार मुलांनी कळत्या-नकळत्या वयात पित्याला गमावले. अशा मुलांसाठी पहिल्या वर्षी अनेक हात पुढे येतात. दहावी-बारावीनंतर महाविद्यालय, वसतिगृह आणि स्पर्धा परीक्षा यांचा खर्च येतो, तेव्हा घटनेला बरीच वर्षे उलटलेली असतात. खरी गरज तेव्हाच असते.

दीर्घकाळ जबाबदारी निभावण्याचे उदाहरण आपल्याच समाजात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर-उस्मानाबाद भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलांना पुण्यात आणले आणि वाघोली येथे त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय केली. मदतीचे ट्रक महिनाभरात परतले, परंतु ही मुले शिकून मोठी होईपर्यंत संघटना त्यांच्या पाठीशी राहिली. बुलढाणा जिल्ह्यालाही या संघटनेचा परिचय आहे. पुलवामाच्या आदल्या वर्षी, मार्च २०१८ मध्ये, याच जिल्ह्यात दुष्काळमुक्तीसाठी तिने १३४ यंत्रे उतरवली होती आणि शासनाच्या सहकार्याने जलसंधारणाची कामे हाती घेतली होती. ज्या समाजाला तलावातील गाळ उपसण्याचे एवढे मोठे काम झेपले, त्याला जिल्ह्यातील काही घरांची आस्थेने विचारपूस करणे अवघड नाही.

वहीतील एक पान

जीवांनी परस्परांवर उपकार करीत जगणे हा त्यांचा स्वभाव आहे, असे तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी सांगितले. त्या उपकाराचे भान ठेवणे हा श्रावकाचा गुण मानला जातो. आपली पेढी रात्री कुलूप लावून निर्धास्त बंद होते, माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सुखरूप जातो, मंदिरात शांतपणे स्वाध्याय चालतो, शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला सहकुटुंब जाता येते. या प्रत्येक निश्चिंतीमागे कोणाचा तरी पहारा आहे. तो पहारेकरी बहुधा आपल्याच दुकानात उधारीवर बियाणे नेणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा असतो.

दिवाळीला भगवान महावीरांचे निर्वाणकल्याणक साजरे होते आणि त्याच सुमारास व्यापारी घरांत नव्या वहीचे पूजन होते. जुन्या वहीतील जी देणी फिटली नाहीत, ती नव्या वहीत पुढे ओढली जातात. देणे कितीही जुने झाले तरी सचोटीचा व्यापारी ते खोडत नाही. मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा येथील घरांनी आपल्या वहीत या देण्याचेही एक पान ठेवावे. कोणी त्यावर एका मुलाच्या वर्षभराच्या शुल्काची रक्कम लिहील, कोणी वर्षातून दोन भेटींचा संकल्प लिहील. ज्याला यातील काहीच शक्य नाही, त्याने निदान ही दोन नावे लिहावीत आणि मुलांना वाचून दाखवावीत.

१४ फेब्रुवारीच्या दुपारी सव्वातीन वाजता दुकानात बसलेल्या प्रत्येकाला सहज करता येण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. सामायिक ही अठ्ठेचाळीस मिनिटांची साधना. त्या दिवशी तेवढा वेळ गल्ला बंद ठेवून, कोणाविषयीही वैर न बाळगता, संजय राजपूत, नितीन राठोड आणि त्यांच्या अडतीस सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ एक सामायिक करावे. ते पूर्ण झाले की वही उघडून ते पान पाहावे आणि वर्षभरात त्या खात्यात आपल्याकडून काय जमा झाले याचा हिशेब करावा.